निरोप कुठे अडतो?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लहान व्यवसायाच्या जाहिरातीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. त्याला जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून प्रतिसाद आला. बहुतेकांनी जाहिरात कुठे करावी आणि तिच्यावर किती खर्च करावा, हे विचारले आहे. मात्र सोबत जोडलेले बॅनरचे फोटो आणि पत्रके वाचताना जाणवले की त्यांतल्या निम्म्याहून अधिक जाहिराती योग्य जागीच लागलेल्या आहेत आणि अडचण त्यांवरच्या मजकुरात आहे. म्हणून या वेळी मजकुराशी संबंधित पाच पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : यावल तालुक्यात आमचा दहा महिलांचा बचत गट आहे. केळीचे वेफर्स, बिबड्या, उडदाचे पापड, कुरडया, शेवया, कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ, काळा मसाला, लोणची असे एकूण बावीस पदार्थ आम्ही करतो. प्रदर्शनात आम्ही मोठा बॅनर लावतो : 'आमच्याकडे सर्व प्रकारचे उत्कृष्ट, दर्जेदार, शुद्ध व घरगुती खाद्यपदार्थ योग्य दरात मिळतील.' लोक थांबतात, वाचतात आणि पुढे जातात. ज्यांनी एकदा माल नेला ते मात्र शोधत परत येतात. आमचे काय चुकते?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य फार मोलाचे आहे. माल नेलेले गिऱ्हाईक परत येते, याचा अर्थ पदार्थात खोट नाही. खोट आहे ती न चाखलेल्या माणसापर्यंत जाणाऱ्या निरोपात. आपला बॅनर गटाचे नाव झाकून शेजारच्या स्टॉलवर लावून पाहा. तिथेही तो तितकाच शोभेल, आणि समोरच्या ओळीतल्या लोणच्याच्या स्टॉलवरही शोभेल. जो मजकूर कोणाच्याही दुकानावर चालतो, तो आपल्या दुकानाविषयी काहीच सांगत नाही. 'निकृष्ट पदार्थ अयोग्य दरात' विकण्याची जाहिरात आजवर कोणी केलेली नाही, त्यामुळे उत्कृष्ट आणि योग्य हे शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून नुसते निघून जातात.

मी 'निरोप' हा शब्द मुद्दाम वापरतो. घरोघरी फोन नव्हते तेव्हा एस.टी.च्या कंडक्टरजवळ किंवा बाजाराला निघालेल्या माणसाजवळ निरोप दिला जाई. 'गुरुवारी येतो, गाडी वेशीवर पाठवा,' एवढेच सांगितले तर ते तीन तोंडांतून गेले तरी जसेच्या तसे पोचत असे. लांबण लावली की वाटेत गाळण होई आणि गुरुवारचा शुक्रवार होई. लहान व्यवसायाची जाहिरात आजही याच रीतीने पसरते. तुमच्या स्टॉलवरून गेलेली बाई घरी जाऊन जावेला काय सांगेल, हे आधी ठरवावे आणि तेच वाक्य बॅनरवर लिहावे. आज ती सांगत असेल, 'एक बचत गटाचा स्टॉल होता, बरेच काय काय होते.' हा निरोप तिथेच संपतो.

बावीस पदार्थ बंद करण्याची गरज नाही. ते टेबलावर असू द्यावेत. बॅनरवर मात्र एकच असावा, आणि माझ्या मते तो वेफर्स नसावा. रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीचे वेफर्स करणारे पुष्कळ आहेत, त्यात यंत्रावर तळणारेही आहेत, आणि तिथे आपली तुलना केवळ भावावर होईल. बिबड्यांची गोष्ट वेगळी आहे. ज्वारी भिजवायची, दळायची, त्यात तीळ, लसूण आणि तिखट घालून शिजवायची, गरम असतानाच हातावर थापायची आणि कडक उन्हात वाळवायची. याला माणसे लागतात, मोकळी गच्ची लागते आणि आपल्याकडचे चैत्र-वैशाखाचे ऊन लागते. पुण्याला किंवा सुरतेला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या खान्देशी कुटुंबाजवळ यांतले काहीही नसते, आणि आवड मात्र तशीच असते. ती नड आणि तुमच्या गटाचे हात यांची गाठ घालून देणे, एवढेच बॅनरचे काम आहे.

तेव्हा मजकूर असा करून पाहा : 'यावलच्या उन्हात वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या. पाव किलो ८० रुपये. पुणे, नाशिक, सुरतला पार्सल पाठवतो.' खाली फोन नंबर. (८० हा आकडा नमुन्याचा आहे, आपला खरा दर लिहावा, पण तो लिहावाच, कारण दर न दिसणाऱ्या स्टॉलवर विचारायला संकोचणारी माणसे थोडी नसतात.) जळगावच्या प्रदर्शनात 'बिबड्या' एवढा शब्द पुरतो. पुण्यात तोच शब्द अनेकांना कळणार नाही, म्हणून तिथे 'ज्वारीचे खान्देशी पापड' हे शब्द मोठे आणि 'बिबड्या' हा शब्द त्याखाली असावा. मूळ नाव गाळू मात्र नये, कारण पुण्यातला खान्देशी माणूस त्या एका शब्दासाठीच थांबेल.

'शुद्ध' या शब्दाविषयी थोडी सावधगिरी बाळगावी. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत आणि ताजे, नैसर्गिक, शुद्ध, पारंपरिक अशा शब्दांच्या वापरावर त्यांत अटी घातलेल्या आहेत. विशेषणाऐवजी कृती सांगितली, म्हणजे काय घातले आणि कसे वाळवले हे लिहिले, तर ही पंचाईत येत नाही आणि वाचणाऱ्याचा विश्वासही अधिक बसतो. पाकिटावर मात्र काटछाट चालणार नाही. घटक पदार्थ, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती मुदत, गटाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक हे तिथे असलेच पाहिजे. बॅनर दुरून वाचायचा असतो आणि पाकीट हातात धरून, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्यावर उतरवू नये.

राहिली गटातली अडचण, जी आपण लिहिलेली नाही पण असणारच. बॅनरवर एकच पदार्थ म्हटल्यावर लोणचे करणाऱ्या भगिनीला वाईट वाटेल. यावर ऋतूप्रमाणे पाळी लावावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि परतताना वाळवणाचे गाठोडे बरोबर नेतात, तेव्हा बिबड्या पुढे कराव्यात. पावसाळ्याच्या तोंडावर लोणचे. आणि हिवाळ्यात भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या की कळण्याचे पीठ. बावीसपैकी चार-पाच पदार्थांना वर्षात मान मिळेल. उरलेल्यांपैकी काही कोणी मागतच नाही, असे हिशेबाच्या वहीत आढळले तर त्याचाही विचार करावा, पण तो विषय निराळा.

प्रश्न : धुळ्यात माझे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. साडेचारशे शेतकऱ्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. रोज सकाळी सर्वांना सुविचार आणि दुकानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो. धंद्यात फरक नाही. उलट दिवसभर फोन येतात आणि प्रत्येक जण तेच तेच विचारतो.

उत्तर : भाऊ, ते तेच तेच प्रश्न आठवडाभर वहीत उतरवून काढा. मला वाटते ते असेच असतील : दुकान नेमके कुठे आहे, रविवारी उघडे असते का, पाच एचपीला किती घ्याल, मोटर कधी मिळेल, आणि पुन्हा जळाली तर काय? गिऱ्हाइकाने स्वतः होऊन विचारलेला प्रश्न हा तुमच्या जाहिरातीतून राहून गेलेला मजकूर आहे. सुविचार त्याला साडेचारशे ठिकाणांहून येतात. मोटर कधी मिळेल हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

ज्याची मोटर गहू किंवा केळी भर पाण्यावर असताना जळाली आहे, त्याला पैशापेक्षा दिवसांची काळजी अधिक असते. म्हणून वेळेचे वाक्य पहिले असावे. 'सकाळी ११ च्या आत मोटर आणा, उद्या संध्याकाळी न्या' असे लिहिता येईल, पण खरोखर पाळता येत असेल तरच. वाइंडिंग झाल्यावर वार्निश वाळायला वेळ लागतोच, आणि उन्हाळ्यात कामाची रांगही लागते. त्या दिवसांत 'तीन दिवस लागतील' असे स्पष्ट लिहिलेले बरे. तीन दिवस सांगून तिसऱ्या दिवशी दिलेली मोटर गिऱ्हाईक विसरत नाही; उद्या सांगून तिसऱ्या दिवशी दिलेली तर मुळीच विसरत नाही आणि ती गोष्ट पारावर सांगतो. दराच्या बाबतीत 'वाजवी' हा शब्द काढून तीन, पाच आणि साडेसात एचपीचे दर वेगवेगळे लिहावेत. तांब्याच्या तारेचा भाव बदलत असेल तर 'या महिन्याचा दर' असे म्हणावे. हमीबद्दलही महिने मोजून सांगावे आणि ती कशाला लागू नाही, हे त्याच ओळीत लिहावे. कमी दाबाने किंवा एक फेज गेल्याने जळालेल्या मोटरीवरून जी भांडणे होतात, ती बहुधा हे आधी न सांगितल्याने होतात.

व्हॉट्सअॅपचे व्यवसायासाठी वेगळे अॅप २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यात पत्ता, दुकानाची वेळ आणि दरांची यादी एकदाच भरून ठेवता येते, आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवून दोन अक्षरांत पाठवता येतात. दुकानाचा फोटो स्टेटसला ठेवला तर तो चोवीस तासांत जातो, म्हणून कायम लागणारी माहिती तिथे ठेवू नये. एकाच वेळी सर्वांना निरोप पाठवण्याची जी यादी असते, तीतून तो फक्त तुमचा नंबर जतन केलेल्यांनाच पोचतो. तेव्हा साडेचारशेंपैकी किती जणांपर्यंत तुम्ही खरोखर जाता, हेही पाहावे. पाठवायचे ते महिन्यातून दोनदा पाठवावे. मोटरीचा हंगाम सुरू होण्याआधी 'बेअरिंग तपासून घ्या, तपासणीचे इतके रुपये' एवढा एक निरोप तीस सुविचारांहून अधिक काम करील.

पत्त्यावरून आठवले. मी छपाईच्या व्यवसायात असताना एका शिकवणीवर्गाची दोन हजार पत्रके छापून दिली होती. शिक्षकांच्या पदव्या, मागील वर्षाचे निकाल, विद्यार्थ्यांचे फोटो सर्व सुबक होते. पत्रके वाटून झाल्यावर कळले की पत्ता आणि फोन राहून गेले आहेत. मजकूर त्यांनी दिला होता, पण मुद्रित मीही तपासले होते, आणि आम्हा दोघांनाही तो वर्ग कुठे आहे हे ठाऊक असल्यामुळे पत्ता नसल्याचे दिसलेच नाही.

प्रश्न : चाळीसगावला आमचे कापडाचे दुकान आहे. '५०% पर्यंत सूट' असा फलक लावल्यावर गर्दी होते, पण निम्मी गिऱ्हाइके काउंटरवर वाद घालतात. काय करावे?

उत्तर : फलकाचा फोटो आपण पाठवला आहे. त्यात '५०%' हा आकडा वीतभर आहे आणि 'पर्यंत' हा शब्द करंगळीच्या नखाएवढा. वाद तिथेच सुरू होतो. ज्या मालावर खरोखर निम्मी सूट आहे त्याचे नाव लिहावे : 'मागील हंगामाच्या सुती साड्या निम्म्या किमतीत, नव्या मालावर दहा टक्के.' गर्दी थोडी कमी होईल, पण आलेली माणसे घेण्यासाठी आलेली असतील. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो, आणि दुकान लहान आहे म्हणून या कायद्यातून सुटका नाही.

प्रश्न : अमळनेरला मी लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचे दुकान सुरू करीत आहे. डिझायनरने इंग्रजी नाव आणि इंग्रजी घोषवाक्य सुचवले आहे. 'कोलेस्ट्रॉलमुक्त' असेही ठळक लिहू या, असे तो म्हणतो. आपले मत काय?

उत्तर : आपल्या गावात तेलाची जाहिरात करताना इतिहास सोबतीला आहे. विप्रो ही आज जगभर संगणकक्षेत्रात ओळखली जाणारी कंपनी १९४५ साली अमळनेरलाच वनस्पती तूप आणि तेलाचा कारखाना म्हणून उभी राहिली. सनफ्लॉवर नावाचे वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा धुण्याचा साबण ही तिची जुनी उत्पादने. या नावांकडे मी जाहिरात लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहतो. सूर्यफूल डब्यावर काढून दाखवता येते, आणि साबणाच्या नावातले तीन आकडे दुकानदाराला सांगायला वाचता येण्याची गरज नाही. ती नावे याच विचाराने ठेवली होती की नाही, हा माझा तर्क झाला; पण नाव निवडताना ही कसोटी उपयोगी आहे. जे नाव फोनवर एकदा ऐकून समोरच्याला लिहून घेता येते, ते चांगले. ज्याचे स्पेलिंग सांगावे लागते ते नाव रोज थोडे थोडे गिऱ्हाईक गमावते.

'कोलेस्ट्रॉलमुक्त' हे लिहू नये. कोलेस्ट्रॉल प्राणिजन्य पदार्थांत असते. शेंगदाण्याच्या, तिळाच्या, करडईच्या, कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते मुळातच नसते. तुमच्या तेलात ते नाही हे खरे, परंतु शेजारच्या दुकानातल्या सर्वांत स्वस्त तेलातही ते नाही, आणि जणू हा तुमच्याच तेलाचा गुण आहे असे भासवणे गिऱ्हाइकाची दिशाभूल करण्यासारखे आहे. घाण्याच्या तेलाचे वेगळेपण आपल्या दुकानात डोळ्यांना दिसते. 'शेंगदाणे तुमचे किंवा आमचे, घाणा तुमच्यासमोर चालेल' हे वाक्य डिझायनरच्या घोषवाक्याशेजारी ठेवून पाहा. दर मात्र किलोचा लिहिला आहे की लिटरचा, हे न चुकता स्पष्ट करावे. तेल पाण्याहून हलके असते आणि एका लिटरमध्ये साधारण ९१० ग्रॅमच भरते. एकाने किलोचा आणि दुसऱ्याने लिटरचा भाव लिहिला की गिऱ्हाईक चुकीची तुलना करते आणि नुकसान प्रामाणिक दुकानदाराचे होते.

प्रश्न : नंदुरबारला बियाणे व खतांचे दुकान काढतो आहे. फलक मराठीत असावा, गुजरातीत असावा की अहिराणीत? मित्र म्हणतात, अहिराणीत लिहिले तर लोकांना आपलेपणा वाटेल.

उत्तर : दुकानाच्या पाटीचा प्रश्न कायद्यानेच सोडवलेला आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरे दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांहून लहान असून चालत नाहीत. मराठीसोबत गुजराती लिहिण्यास हरकत नाही. आपल्याच जिल्ह्यात नवापूरचे रेल्वे स्थानक दोन राज्यांच्या सीमेवर उभे आहे आणि तिथल्या सूचना चार भाषांत दिल्या जातात. सीमेवरचे गिऱ्हाईक तुमचेही असेल तर तीच रीत तुम्हाला लागू पडते.

अहिराणीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. 'या, बठा' असे दोन शब्द दारावर लिहिले तर धुळे, शिरपूर, साक्रीकडच्या माणसाला जरूर आपलेपणा वाटेल. परंतु दुकानाच्या मालाची माहिती सबंध अहिराणीत लिहू नये, कारण अहिराणी कानावर पडण्याची सवय असलेली माणसेही ती वाचताना अडखळतात. वाचनाची सवय सर्वांना शाळेतल्या मराठीचीच आहे. शिवाय आपल्या जिल्ह्यात शहादा-तळोद्याकडे गुजरी, सातपुड्यात भिली आणि पावरी, नवापूरकडे मावची बोलणारे शेतकरी आहेत. एका बोलीने एकाला जवळ करताना दुसऱ्याला दारातच परके वाटू नये, हे पाहावे. बोली तोंडी वापरावी : काउंटरवर, फोनवर, बाजाराच्या दिवशी रिक्षातून करायच्या घोषणेत. लिहिताना साधी मराठी असावी.

ही साधी मराठी म्हणजे पोत्यावरच्या पत्रकाची मराठी नव्हे. 'अन्नद्रव्य व्यवस्थापनाकरिता सर्व निविष्ठा उपलब्ध' हे वाक्य कृषी अधिकाऱ्याला कळेल. मिरची लावणाऱ्या माणसाला 'मिरची, कापूस, पपईचे बियाणे आणि खत. पक्के बिल मिळेल' हे कळते. पक्क्या बिलाचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे, कारण बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याच्या हातात तेवढाच पुरावा असतो, आणि ते देण्याची तयारी पाटीवर लिहिणारा दुकानदार निराळा दिसतो.

पाटी रंगवण्याआधी पेंटरकडून तिचा कागदी नमुना खऱ्या आकारात करून घ्यावा आणि तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला धरावा. मग आठवड्याच्या बाजाराला आलेल्या, ओळखीच्या नसलेल्या एखाद्या माणसाला तो वाचायला सांगावा आणि दुकानात काय मिळते हे त्यालाच विचारावे. तो जे सांगेल त्यात मिरचीचे बियाणे आले नाही, तर पेंटरला रंग उघडू देऊ नये.